तीनशे एक

तिस्कावरच्या हार्डवेअर दुकानाची माडी,
माझं टेबल, कुरकुरता पंखा, आणि समोर
विश्राम कुंडईकर, मांडीवर काजूची पिशवी धरून.
"नाव बदलायचंय," म्हणाले,
"पण गिऱ्हाईक चुकता कामा नये."

जुन्या पत्त्यात 'बंधू' होतं. चौदा वर्षं.
जगात कुठेही कुणी सालीसकट भाजलेले काजू शोधले
की दुसऱ्या नंबरावर हे बंधू उभे.
पहिल्यावर मडगावची बडी पेढी, ती सोडा.
आता बंधू एकच.
दुसरे आहेत, म्हापशाला असतात,
एवढं सांगून त्यांनी पंख्याकडे बघितलं.

मी कामाचं सांगू लागले.
एकशे ब्याऐंशी पानं, प्रत्येकाला त्याचं त्याचं नवं पान.
सगळ्यांना एकाच दारात आणून सोडायचं नाही.
उर्राकाच्या भट्टीचा फोटो बघायला आलेल्याच्या हातात
दरपत्रक ठेवलं तर तो आल्या पावली जातो,
आणि शोधयंत्राला ते कळतं.
रंग तोच, मजकूर तोच.
घर हलवताना भिंती रंगवत बसू नये.

दारावर लिहायचा आकडा: तीनशे एक.
"देवळाच्या पावतीसारखा," ते हसले.
म्हणजे, कायमचे गेलो, तिकडे या.
तीनशे दोन नको, ते तात्पुरतं.
"आणि जुन्या कायद्यात खून."

पण हा आकडा जुन्या दारावरच लिहावा लागतो.
नव्या घरात बसून नाही लिहिता येत.
जुनं दार कुणाच्या नावावर?
पंखा.
"अवधूत. थोरला."

त्याने वर्षाचे पैसे भरले नाहीत तर नाव मोकळं,
कुणीतरी लांबचा घेईल
आणि तुमच्या चौदा वर्षांवर जुगाराचं टेबल मांडेल.
हे मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक.

खरं तर या तालुक्यात हे शिकवायला नको.
साष्टीतले देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात आले,
महाजन अजून वाट न चुकता येतात.
मूर्ती कुणी आणली ते सगळे सांगतात.
मला मागे राहिलेला आठवतो, ज्याचं नाव कुणी लिहिलं नाही.
मोडल्या चौथऱ्यापाशी, भीत भीत,
दिसेल त्या ओळखीच्याला खुणेनं सांगणारा:
पलीकडे. तरीने जा. पलीकडे.
असा कुणी असणारच.
नसता तर देव पोचले असते, माणसं नाही.

विश्राम फोन घेऊन गॅलरीत गेले.
कोंकणीतली दोन वाक्यं, मग बराच वेळ
नुसती खालच्या बसची घरघर.
"देतो म्हणाला. पासवर्ड पहिल्या टेंपोचा नंबर."
तो त्यांना पाठ होता. न अडखळता सांगितला.

बुधवारी रात्री हलवलं.
नवव्या दिवशी आम्ही एकोणिसावे,
विसाव्या दिवशी एकतिसावे.
विश्राम रोज सकाळी येत,
आयसीयूबाहेर विचारतात तसं विचारत.
मी म्हणे, वाचतंय अजून यंत्र, सावकाश वाचतं.
जुन्या पत्त्याचा दुवा दिलेल्यांना पत्रं लिहिली,
पणजीचं एक हॉटेल, दोन प्रवासी, एक भक्तनिवास.
भक्तनिवासाने तेवढं लगेच बदललं.

त्रेपन्नाव्या दिवशी चौथे. मग तिसरे.
दुसरे अजून नाही. होऊ, किंवा नाही होणार.

एप्रिलात एक पावती आली, चुकून माझ्याकडे,
जुन्या नावाचं नूतनीकरण, मुदत दहा वर्षं,
भरणारा: अवधूत कुंडईकर, म्हापसा.
सोबत एक ओळसुद्धा नाही.
मी ती पुढे पाठवली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्धा किलो काजू.
पिशवीवर ठळक, हिरव्या शाईत, 'बंधू'.
मी बघितलं तसं विश्राम घाईने म्हणाले,
"चार हजार छापून ठेवल्यात.
संपवायला नकोत?"